नॉर म्हणजे नेमका कुठला कार्बन गेला?

‘नॉरअ‍ॅड्रेनलिन’ या संप्रेरकाच्या नावातल्या ‘नॉर’चं एक स्पष्टीकरण वर्गांतून आणि झेरॉक्स नोट्समधून वर्षानुवर्षं फिरतं आहे. ‘एन ओने राडिकाल’ या जर्मन शब्दांची ती आद्याक्षरं आहेत, म्हणजे ‘मूलक नसलेला नायट्रोजन’. ऐकताक्षणी पटतं, कारण अ‍ॅड्रेनलिनच्या नायट्रोजनवर एक मिथाइल गट (एक कार्बन आणि त्याला जोडलेले तीन हायड्रोजन) असतो आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या नायट्रोजनवर तो नसतो. लक्षातही चटकन राहतं. पण ही व्युत्पत्ती खरी नाही. ती डोक्यात धरून पुढची नावं वाचायला घेतली की रचनाच चुकीच्या काढल्या जातात. पुण्यात सेट-नेटची तयारी करणारी मुलं भरपूर आहेत (सेट तर आपलं विद्यापीठच घेतं), फार्मसीची त्याहून जास्त. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

‘नॉर’ आला तो ‘नॉर्मल’ या शब्दातून. १८६७ च्या सुमारास लंडनमध्ये ऑगस्टस मॅथिसन आणि जॉर्ज केरी फॉस्टर हे दोघे अफूतल्या नार्कोटिनवर काम करत होते. नार्कोटिन म्हणजे आज खोकल्याच्या औषधात वापरतात ते नॉस्कॅपिन. त्याचं ऑक्सिडीकरण केलं की ओपियानिक आम्ल मिळतं. या आम्लाच्या रेणूत १० कार्बन, १० हायड्रोजन आणि ५ ऑक्सिजन असतात, आणि दोन मिथाइल गट ऑक्सिजनला जोडलेले असतात. तीव्र आम्लाबरोबर तापवलं की आधी एक मिथाइल सुटतो आणि ९ कार्बनचं आम्ल उरतं. दोन्ही सुटले तर ८ कार्बनचं. या शेवटच्या, सगळे मिथाइल गेलेल्या आम्लाला त्यांनी ‘नॉर्मल ओपियानिक आम्ल’ म्हटलं. हाच मूळ सांगाडा, बाकीची त्याची मिथाइल रूपं, असा तो विचार होता. मग लिहिण्याच्या सोयीसाठी ‘नॉर्मल’चं ‘नॉर’ झालं. साधं ओपियानिक आम्ल त्यांच्या हिशेबात ‘डायमिथाइल नॉर ओपियानिक आम्ल’ ठरलं आणि नार्कोटिन ‘ट्रायमिथाइल नॉर-नार्कोटिन’.

जर्मन आद्याक्षरांची गोष्ट इथेच कोसळते. ओपियानिक आम्लात नायट्रोजन मुळातच नाही, तरी त्याला ‘नॉर’ लागलं. नार्कोटिनमध्ये नायट्रोजन आहे आणि त्यावर एक मिथाइलही आहे. पण मॅथिसन-फॉस्टरनी मोजलेले तीन मिथाइल सगळे ऑक्सिजनवरचे होते. त्यांच्या नॉर-नार्कोटिनमध्ये नायट्रोजनवरचा मिथाइल जागेवर तसाच होता! ज्या संयुगापासून उपसर्ग सुरू झाला त्यालाच ही व्याख्या लागू पडत नाही. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन गॅडम यांनीही आधी जर्मन आद्याक्षरांचं मूळ ग्राह्य धरलं होतं, आक्षेप आल्यावर ते मागे घेतलं. पाठांतरासाठी कुणीतरी जुळवलेलं सूत्र पुढे व्युत्पत्ती म्हणून खपलं, असंच यातून दिसतं.

मॅथिसन आणि फॉस्टर ही दोन नावं आपल्याकडच्या भौतिकशास्त्राच्या मुलांना वेगळ्याच कारणाने ठाऊक असतात. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत अगदी लहान रोधांतला फरक मोजायला जो केरी फॉस्टर ब्रिज वापरतात तो याच फॉस्टरचा. धातूचा रोध अशुद्धीमुळे किती आणि तापमानामुळे किती हे वेगळं करणारा मॅथिसनचा नियमही याच मॅथिसनचा. रसायनशास्त्राच्या पोरांना त्यांची नावं माहीत नसावीत याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण आपण रोज वापरतो तो उपसर्ग त्यांच्या हातून आला.

मिथाइल किती होते, हे त्या काळी कसं कळायचं? तीव्र हायड्रोआयोडिक आम्लात ऑक्सिजनवरचा मिथाइल सुटून मिथाइल आयोडाइड होतं. ते ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, त्यामुळे सहज बाहेर काढता येतं. १८८५ मध्ये झाइझेल यांनी यावरच मोजमापाची पक्की पद्धत बसवली. बाहेर पडणारी वाफ सिल्व्हर नायट्रेटच्या अल्कोहोलमधल्या द्रावणात सोडायची आणि खाली बसलेलं सिल्व्हर आयोडाइड वजन करायचं. हिशेब सरळ आहे. सिल्व्हर आयोडाइडचा रेणुभार २३४.७७ आणि ओपियानिक आम्लाचा २१०.१८. दोन मिथॉक्सी गट (ऑक्सिजनसकट मिथाइल) असतील तर १०० मिलिग्रॅम आम्लातून २२३.४ मिलिग्रॅम सिल्व्हर आयोडाइड यायला हवं. एक मिथाइल गेलेल्या आम्लाच्या (रेणुभार १९६.१६) १०० मिलिग्रॅममधून ११९.७ मिलिग्रॅम, आणि नॉर आम्लातून काहीच नाही.

आकडे जास्त आले तर कारणं शोधायची जागा ठरलेली आहे. हायड्रोआयोडिक आम्ल जुनं होऊन तपकिरी पडलं असेल तर आयोडीनची वाफ पुढे जाते, म्हणून मधल्या नळीत तांबड्या फॉस्फरसचं पाण्यातलं मिश्रण ठेवतात. नमुना अल्कोहोलमधून स्फटिक केलेला असेल आणि नीट वाळवला नसेल तर अडकलेल्या इथेनॉलचं इथाइल आयोडाइड होतं आणि तेही सिल्व्हर आयोडाइड देतं. वजन मिथाइलचं की इथाइलचं हे या पद्धतीला ओळखताच येत नाही. नमुन्यात गंधक असेल तर काळं सिल्व्हर सल्फाइड मिसळतं. नायट्रोजनवरचा मिथाइल मात्र या तापमानाला सुटत नाही, त्याला बरंच जास्त तापवावं लागतं. म्हणूनच सुरुवातीचं ‘नॉर’ स्वाभाविकपणे ऑक्सिजनवरच्या मिथाइलचं होतं. हातात असलेल्या अभिक्रियेला जे तुटत होतं त्यावरून नाव पडलं.

पुढे अर्थ दोन दिशांनी सरकला. एक, ‘सगळे मिथाइल गेले’ याऐवजी ‘एकच गेला’ असा अर्थ रूढ झाला. दोन, फक्त मिथाइल नव्हे, तर साखळीतला किंवा वलयातला एखादा कार्बन त्याच्या हायड्रोजनांसकट गेला तरी ‘नॉर’ म्हणायला सुरुवात झाली. आजचा नियम असा: मूळ संयुगाचा क्रमांकन आराखडा तसाच ठेवायचा, जो कार्बन गेला त्याचा क्रमांक पुढे लिहायचा. दोन गेले तर डायनॉर, तीन गेले तर ट्रायनॉर. वलयच एका कार्बनने आकसलं असेल तर त्या वलयाचं अक्षर लावून ‘ए-नॉर’ असं लिहितात. उलट्या दिशेचा उपसर्ग ‘होमो’, म्हणजे एक कार्बन वाढला.

नाव वाचताना पहिली पडताळणी रेणुभाराची. एक कार्बन आणि दोन हायड्रोजन मिळून १४.०३ होतात. अ‍ॅड्रेनलिन १८३.२० आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन १६९.१८, फरक १४.०२. निकोटिन १६२.२३, नॉरनिकोटिन १४८.२०. फरक १४ च्या आसपास असेल तर ‘नॉर’ आजच्या अर्थाने आहे. २८ किंवा ४२ आला आणि पुढे ‘डाय’, ‘ट्राय’ नसेल तर नाव जुन्या पठडीतलं आहे. फरक शून्य आला तर ‘नॉर’चा तिसराच अर्थ लागू आहे, त्याकडे शेवटी येतो.

४२ चं उदाहरण आपल्या देवघरात आहे. तुळशीबागेत पूजासाहित्याच्या दुकानात मिळणारा कापूर म्हणजे बोर्नेन सांगाड्याचा कीटोन. १० कार्बन, १६ हायड्रोजन, १ ऑक्सिजन, रेणुभार १५२.२३. सात कार्बनांचं पूल असलेलं दुहेरी वलय आणि त्यावर तीन मिथाइल, एक पुलाच्या टोकाला आणि दोन पुलाच्या कार्बनवर. ‘नॉरकॅम्फर’मध्ये हे तीनही नाहीत. ७ कार्बन, १० हायड्रोजन, १ ऑक्सिजन, रेणुभार ११०.१५. ‘नॉरबोर्नेन’चंही तसंच: १० कार्बनांच्या बोर्नेनमधून तीन जाऊन ७ उरतात. मॅथिसन-फॉस्टरचा ‘सगळे गेले’ हा अर्थ इथे जिवंत राहिला आहे. आजच्या नियमाने काटेकोर लिहायचं तर ‘८,९,१०-ट्रायनॉरबोर्नेन’ लिहावं लागेल. आयुपॅक या रासायनिक नावांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची आताची पसंती मात्र थेट ‘बायसायक्लो[२.२.१]हेप्टेन’ला आहे. परीक्षेत नॉरबोर्नेनवर एक मिथाइल कमी करून दोन ठेवणारे विद्यार्थी आजचा नियम जुन्या नावाला लावत असतात. आणि इथेही नायट्रोजन कुठेच नाही.

स्टेरॉइडांत ‘नॉर’चा सर्वांत शिस्तीचा वापर दिसतो, म्हणून सराव तिथेच करावा. आधी सांगाड्यांचे कार्बन पाठ हवेत: इस्ट्रेन १८, अँड्रोस्टेन १९, प्रेग्नेन २१, कोलेन २४, कोलेस्टेन २७. क्रमांक १८ म्हणजे १३ व्या कार्बनवरचा मिथाइल, क्रमांक १९ म्हणजे १० व्या कार्बनवरचा. टेस्टोस्टेरॉनमधून १९ वा काढला की १९-नॉरटेस्टोस्टेरॉन, म्हणजेच नँड्रोलोन. २८८.४ वरून २७४.४. कार्बन आता १८ उरले, म्हणून याच रेणूचं नाव इस्ट्रेन सांगाड्यावरूनही देतात. दोन नावं, रेणू एकच. कागदावर दोन वेगळी संयुगं म्हणून मोजू नका.

पाळी पुढे ढकलण्यासाठी आपल्याकडे डॉक्टर ज्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या लिहून देतात त्या नॉरएथिस्टेरॉनच्या. एथिस्टेरॉन हा रेणू १९३८ पासून माहीत होता. त्यातून फक्त १९ वा कार्बन वजा केला की नॉरएथिस्टेरॉन, ३१२.४ वरून २९८.४. तो १५ ऑक्टोबर १९५१ रोजी मेक्सिको सिटीत सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत लुइस मिरामोंतेस यांच्या हातून पहिल्यांदा तयार झाला. कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रांझ यांचं ते काम.

आता हा १९ वा कार्बन प्रत्यक्षात काढतात कसा? काढत नाहीत. नाव वजाबाकीचं असलं तरी प्रयोगशाळेतली वाट निराळी आहे. इस्ट्रोनसारख्या स्त्री-संप्रेरकांमध्ये पहिलं वलय बेन्झीनसारखं असतं, त्यामुळे १० व्या कार्बनवर मिथाइलला जागाच नसते. म्हणजे १९ वा कार्बन आधीच गैरहजर. अशा रेणूचा मिथाइल ईथर घ्यायचा, उणे ३३ अंशांना उकळणाऱ्या द्रव अमोनियात लिथियम धातूने बर्च क्षपण (वलयात हायड्रोजन घालणारी अभिक्रिया) करायचं आणि मग आम्लाने ईथर तोडायचा. इथे आम्ल किती तीव्र यावर सगळं ठरतं. सौम्य आम्लात द्विबंध ५ आणि १० क्रमांकांच्या मध्ये अडकून राहतो. तीव्र आम्लात तो सरकून ४ आणि ५ च्या मध्ये, कीटोनच्या शेजारी, येतो. पहिल्या मार्गाच्या रेणूचं नाव नॉरएथिनोड्रेल, दुसऱ्याचं नॉरएथिस्टेरॉन. दोघांत २० कार्बन, २६ हायड्रोजन, २ ऑक्सिजन. नॉरएथिनोड्रेल सर्ल कंपनीच्या एनोव्हिडमध्ये होतं, १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळालेली पहिली गोळी ती हीच. ‘नॉर’ दोघांनाही लागतो, पण रेणुभार त्यांना वेगळं करू शकत नाही. तिथे द्विबंधाचा क्रमांक वाचण्याला पर्याय नाही.

लेव्होनॉरजेस्ट्रेल हे नाव तर अभ्यासासाठी मुद्दाम बनवल्यासारखं आहे. माला-डीच्या गोळीत ते ०.१५ मिलिग्रॅम असतं, तातडीच्या गोळीत १.५ मिलिग्रॅम. त्याचं पद्धतशीर नाव प्रेग्नेनवरून जातं: १३-इथाइल, १८,१९-डायनॉर. हिशेब पायरीपायरीने करू. प्रेग्नेनचे २१ कार्बन. १८ वा आणि १९ वा गेला, उरले १९. १३ व्या जागी इथाइल आला, दोन वाढले, पुन्हा २१. एथिस्टेरॉनमध्येही २१ कार्बन, २८ हायड्रोजन, २ ऑक्सिजन, आणि लेव्होनॉरजेस्ट्रेलमध्येही अगदी तेवढेच. नावात ‘नॉर’ आहे आणि वजन घटलेलं नाही! कारण एका ठिकाणी गेलेला कार्बन दुसऱ्या ठिकाणी भरून आला. ‘१३-इथाइल’ पाहून कुणी १८ व्या मिथाइलच्या जोडीला इथाइल काढतो, पण १३ व्या कार्बनवर दोन्ही बसूच शकत नाहीत, त्याचे चार बंध आधीच संपतात. म्हणून तर १८ वा वजा करून दाखवावा लागतो.

औषधांच्या चयापचयात ‘नॉर’ बहुतेकदा नायट्रोजनवरचा मिथाइल गेल्याचं सांगतो. डायझेपामचं नॉरडायझेपाम होतं, मॉर्फिनचं नॉरमॉर्फिन. जर्मन आद्याक्षरं खरी वाटतात ती या गर्दीमुळे. इथे सगळ्यात फसवं उदाहरण कोडीनचं. कोडीनमध्ये दोन मिथाइल आहेत, एक ऑक्सिजनवर, एक नायट्रोजनवर. यकृतातलं सीवायपी२डी६ हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनवरचा काढतं आणि मॉर्फिन तयार होतं. सीवायपी३ए४ नायट्रोजनवरचा काढतं आणि नॉरकोडीन होतं. दोन्ही रेणूंचा भार २८५.३४, अगदी एकच. वेदना शमते ती मॉर्फिनमुळे. म्हणून वस्तुमान वर्णपटात २८६ ला (रेणूवर एक हायड्रोजन आयन चढून) शिखर दिसलं एवढ्यावर ‘मॉर्फिन’ लिहून मोकळं होऊ नये. क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून दोघं वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात हे प्रमाण नमुन्यांशी ताडून मगच नाव द्यावं. नावाच्या बाजूने पाहिलं तर ऑक्सिजनवरचा मिथाइल जाऊनही मॉर्फिनला कुणी ‘नॉर’ म्हणत नाही, कारण त्याला आधीपासून स्वतःचं नाव होतं.

नॉरनिकोटिनचा उल्लेख महाराष्ट्रात तरी टाळता येणार नाही. तंबाखूचं पान सुकत असताना पानातलंच विकर निकोटिनच्या नायट्रोजनवरचा मिथाइल काढतं. उरलेल्या नायट्रोजनवर आता एक हायड्रोजन असतो, आणि नायट्राइटशी गाठ पडली की त्याचं नायट्रोसोनॉरनिकोटिन होतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. चुन्याबरोबर मळलेली तंबाखू असो की मिशरी, धूर नाही म्हणून हा रेणू टळत नाही. तो जळण्यातून नव्हे, सुकवण्या-मुरवण्यातून येतो.

पुन्हा नॉरअ‍ॅड्रेनलिनकडे. नावावरून वाटतं की शरीर अ‍ॅड्रेनलिनचा मिथाइल काढून ते बनवतं. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. आधी नॉरअ‍ॅड्रेनलिन तयार होतं, मग अधिवृक्क ग्रंथीत विकर त्यावर मिथाइल चढवतं. नाव उलटं पडलं कारण अ‍ॅड्रेनलिन १९०१ मध्येच वेगळं करून झालं होतं, आणि चेतातंतूंमधला संदेशवाहक नॉरअ‍ॅड्रेनलिन आहे हे उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखवलं. ‘नॉर’ कागदावरचं नातं सांगतो, जैविक घडण सांगत नाही. फार्मसीच्या मुलांनी याच्या कुपीवर आणखी एक गोष्ट वाचावी: आकडा क्षाराचा आहे की मूळ रेणूचा. बायटार्ट्रेट मोनोहायड्रेट या क्षाराचा भार ३३७.२८, नॉरअ‍ॅड्रेनलिनचा १६९.१८. म्हणजे २ मिलिग्रॅम क्षारात मूळ रेणू जेमतेम १ मिलिग्रॅम. लेबल नीट न वाचता हिशेब केला तर मात्रा दुप्पट किंवा निम्मी होते, आणि हे औषध अतिदक्षता विभागात रक्तदाब धरून ठेवायला वापरतात.

राहिला फरक शून्य येणारा प्रकार. नॉरल्युसिन आणि ल्युसिन ही अमिनो आम्लं, दोघांचा भार १३१.१७. नॉरव्हॅलिन आणि व्हॅलिन, दोघांचा ११७.१५. इथे काहीच वजा झालेलं नाही. ‘नॉर्मल’चा दुसरा अर्थ, फांदी नसलेली सरळ साखळी, या नावांत शिरला आहे. नॉरल्युसिन म्हणजे २-अमिनोहेक्सॅनोइक आम्ल. हा वापर आयुपॅकला मान्य नाही, पण प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर नाव तेच असतं. अमिनो आम्लांच्या विश्लेषणात अंतर्गत प्रमाण (तुलनेसाठीचा ज्ञात पदार्थ) म्हणूनही ते घालतात. ल्युसिनमधून एक कार्बन काढून जो विद्यार्थी नॉरल्युसिन काढतो तो नियमाने बरोबर आणि उत्तराने चूक असतो.

जैवतंत्रज्ञानात काम करणाऱ्यांना नॉरल्युसिन आणखी एका रूपात भेटतं. ई. कोलाय या जिवाणूत प्रथिन बनवताना ते मेथिओनिन या अमिनो आम्लाच्या जागी घुसतं. त्या ठिकाणी वस्तुमान १७.९५६ ने घटतं. पाणी निघून गेलं तर घट १८.०११ असते. साध्या वस्तुमान-मापक यंत्रावर दोन्ही ‘उणे १८’ दिसतात आणि अहवालात ‘निर्जलीकरण’ लिहिलं जातं. ०.०५५ चा फरक ओळखण्याइतकी अचूकता नसेल तर प्रथिनाचे ट्रिप्सिन या विकराने तुकडे करावेत आणि घट मेथिओनिन असलेल्या तुकड्यातच आहे का ते पाहावं.